सात आडमुठे पक्षी

एकदा एका पक्षितज्ज्ञ आचार्यांचा शिष्य आपल्या गुरूंवर विलक्षण वैतागला होता. गोष्ट दक्षिण अमेरिकेतली, पैलतीर दिसत नाही अशा एका महानदीच्या उत्तर काठावरच्या गावातली. तिथल्या संग्रहालयात कातडीत कापूस भरून जपलेल्या पक्ष्यांचे खण होते आणि त्यातल्या एका पक्ष्यावर शिष्याने चार वर्षे घालवली होती. अरण्यात मुंग्यांची फौज निघाली की तिच्यापुढे पळणारे किडे टिपणारा हा तांबूस पाठीचा पक्षी. उत्तर काठावर त्याचा गळा पांढरा, दक्षिण काठावर राखी. जो झाडीबाहेरही येत नाही, तो एवढी नदी काय ओलांडणार? म्हणून शिष्याचे म्हणणे, या दोन वेगळ्या जाती आहेत.

सगळे जुळत होते. फक्त सात पक्षी जुळत नव्हते. गळा राखी, आणि पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर मात्र उत्तर काठाचे गाव!

प्रबंध आठ दिवसांत विद्यापीठात पोचला नाही, तर चार वर्षे पाण्यात जाणार होती. पण सही मागायला गेले की आचार्य एकच विचारत, "त्या सातांचे काय?" शिष्य कधी म्हणे वादळाने वाहून आणले असतील, कधी म्हणे संकर असतील. आचार्य लेखणी खाली ठेवत. शेवटी शिष्याचा तोल गेला. "मग फेकूनच देऊ या हे सात! सातांपायी तीनशे पक्ष्यांची साक्ष का वाया घालवायची?"

आचार्य म्हणाले, "उद्या सकाळसाठी होडी सांगून ठेव. पलीकडे जाऊ."

शिष्याने कपाळावर हात मारून घेतला. दिवस उरले आठ आणि यांना सहल सुचते! दुसऱ्या दिवशी दोन तास नावेत गेले. पलीकडे आचार्यांनी तळलेला मासा निवांत खाल्ला, झाडाखाली डुलकी काढली. मग रानात शिरल्यावर राखी गळ्याचा एक पक्षी पिसे साफ करताना दिसला. तो उडाला तेव्हा खाली पडलेले गळ्याचे राखी पीस त्यांनी शिष्याच्या हाती दिले आणि ते संग्रहात घालायला सांगितले.

संध्याकाळी परत आल्यावर शिष्याने धुमसतच टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली. संग्रहालयाचा रिवाजच तसा होता. चिठ्ठ्यांवर आपल्या गावाचे नाव फावल्या वेळात आधीच लिहून ठेवलेले असे, कारण दिवेलागणीला मुंग्या लागायच्या आत पक्षी भरून मोकळे व्हावे लागे. त्याने तारीख घातली, पिसाला चिठ्ठी बांधली आणि ते आचार्यांपुढे धरले. आचार्यांनी पीस त्या सात पक्ष्यांशेजारी ठेवले.

"हा आठवा," ते म्हणाले.

"आठवा कसला? हे तर पलीकडचे..." शिष्य बोलता बोलता थांबला. चिठ्ठीवर उत्तर काठाचे गाव होते.

"नदी पक्ष्याने नाही ओलांडली रे. आपण ओलांडली, पीस घेऊन. आणि तू बिचाऱ्या वादळावर आळ घेत बसलास. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"ठाऊक होते, तर चार वर्षे बोलला का नाहीत?" शिष्य जवळजवळ ओरडलाच.

"ठाऊक नव्हते, संशय होता. माझ्या संशयावरून हे सात फेकले असतेस, तर पुढे डोळ्यांत खुपेल तो प्रत्येक पक्षी फेकत गेला असतास. कोण कोणत्या दिवशी पलीकडे गेले होते, ते रोजनिशीत सापडेल. आधी चिठ्ठ्यांवरच्या तारखांचे अक्षर तर बघ."

शिष्याने दिवा जवळ ओढला. गळ्यांच्या छटा मोजता मोजता अक्षर पाहण्याचे त्याला कधी सुचलेच नव्हते. चार चिठ्ठ्यांवर आचार्यांचे तरुणपणीचे अक्षर होते. उरलेल्या तीन चिठ्ठ्यांवर त्याचे स्वतःचे.

त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याला फार लाज वाटली. तो आपली रोजनिशी आणायला उठला. परत आला तेव्हा आचार्यांनी स्वतःची जीर्ण रोजनिशी टेबलावर उघडून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी लेखणी.

अपवाद आडवा आला, तर पहिली चौकशी आपल्या अक्षराची करावी.