केरबानं जावई पारखला

कोल्हापूरच्या अलीकडं एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? 'जरा थांब' म्हणणारा माणूस विसरून घरी जाऊन जेवून झोपला, तरी केरबा आपला तिथंच उभा. गावानं त्याच्या हाती एकच काम सोपवलं होतं, पंगतीत तूप वाढायचं. ते मात्र तो झकास करायचा.

त्याची मुलगी अस्मिता इटलीत नोकरीला लागली आणि तिथल्या लूका नावाच्या पोरावर तिचा जीव जडला. त्याआधी गावात तिला बघायला पाहुणे काय कमी आले होते? कुणी चालून दाखवायला लावलं, कुणी केस सोडायला लावले, एका बाईनं तर दात बघितले. त्यानंतर पोरगी थेट इटलीला जाऊन थांबली, यात नवल ते काय!

पण लूकाच्या आईनं अट घातली. मुलीच्या बापानं इथं यावं, आमच्या मुलाला बघावं आणि स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं. त्याशिवाय लग्न नाही. बिचारीला वाटलं, बाप म्हटला की शहाणाच असणार.

निघताना केरबाच्या बायकोनं बजावलं, "तिथं स्वतःचं डोकं चालवू नका. पोरगी सांगेल तेवढंच करा."

"बरं," केरबा म्हणाला. डोकं चालवायची त्याला तशीही सवय नव्हती.

पहिल्या संध्याकाळी अस्मिता त्याला हॉटेलात घेऊन गेली. वेटरनं केरबापुढं ताटभर हिरवा पाला आणून ठेवला. अस्मिताला फोन आला म्हणून ती बाहेर गेली. केरबा हात जोडून बसला. आता कूट येईल, मग वरून फोडणी येईल, मग खाऊ. कूट काही येईना. अस्मिता परतली तेव्हा आजूबाजूची टेबलं रिकामी झाली होती आणि पाला मान टाकून पडला होता.

"आबा, खाल्लं का नाही?"

"घालणारा आला नाही गं अजून."

"इथं कुणी घालायला येत नाही! तेल आणि व्हिनेगर टेबलावरच असतं. दिसलं की उठायचं आणि घालायचं. कुणाची वाट बघायची नाही."

"एवढंच ना?" केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेल गच्च भरलेलं. अस्मिता हात धुवायला गेली. केरबाला टेबलावर दोन बाटल्या दिसल्या. दिसल्याबरोबर तो उठला. एका हातात तेल, दुसऱ्या हातात ते आंबट पाणी. पहिल्या टेबलापासून त्यानं सुरुवात केली. कुणाच्या केकवर, कुणाच्या आइस्क्रीमवर. "घ्या हो पाव्हणं, लाजू नका!" एका बाईनं घाबरून कॉफीच्या कपावर हात आडवा धरला. केरबा हसला. आयुष्यभर पंगतीत वाढलेला माणूस तो, पानावर हात धरणाऱ्याला आग्रह करायचा असतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बोटांच्या फटीतून धार सोडली.

बापलेकीला दारापर्यंत पोचवायला सगळे वेटर आले. केरबाला तो मान वाटला.

"आबा, दुसऱ्याच्या ताटाकडं बघायचंसुद्धा नाही!" अस्मिता रस्त्यात रडकुंडीला आली होती. "फक्त आपल्यापुढं येईल ते बघायचं. आलं की वर काही न घालता, जसंच्या तसं खायचं."

"मग असं आधी सांगायचं की," केरबा म्हणाला.

रात्री दोघं समुद्रकाठच्या हॉटेलात गेली. तिथं मासा शिजवण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायची रीत. वेटर बर्फावर ठेवलेला एक भलामोठा मासा घेऊन आला आणि अदबीनं केरबापुढं वाकला. आपल्यापुढं आलं. जसंच्या तसं. केरबानं दोन्ही हातांनी मासा उचलला आणि पाठीचा लचका तोडला.

वेटर 'देवा!' अशा अर्थाचं काहीतरी ओरडला.

"अहो आबा, तो नुसता दाखवायला आणलाय!" अस्मितानं मासा कसाबसा सोडवला. "असं समोर आणलं की आधी पारखायचं. डोळे बघायचे. कल्ले उचलून वास घ्यायचा. बोटानं दाबायचं. डोळे लाल असले तर शिळा समजायचा आणि सांगायचं, दुसरा दाखवा."

केरबानं ते घोकून घोकून पाठ केलं. चावताना खवले दातात अडकले होते, त्यामुळं धडा चांगला लक्षात राहिला.

तिसऱ्या दिवशी लूकाच्या घरी जेवण. दारात अस्मितानं बापाचा हात धरला. "आबा, माझं सगळं आयुष्य आज तुमच्या एका शब्दावर आहे. नीट वागा हं."

"तू सांगितलंस तसंच वागतो," केरबा म्हणाला आणि तिला धस्स झालं.

आत टेबल मांडलेलं होतं. कोल्हापूरकडच्या माणसाला जेवताना कांदा लागतो असं ऐकून लूका स्वयंपाकघरात स्वतः कांदे चिरत होता. त्यानं वर्षभर मराठीही शिकून घेतली होती. आईनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि केरबापुढं उभं केलं.

आपल्यापुढं आणलंय. दाखवायला आणलंय. केरबा सावध झाला. त्यानं लूकाच्या डोळ्यांत पाहिलं. लालभडक! कान उचलून मागं वास घेतला. कांद्याचा भपका! गालात बोट खुपसलं.

"शिळा आहे," केरबा म्हणाला. "दुसरा दाखवा."

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

अस्मिता झटकन पुढं झाली. "म्हणाले... मुलगा छान आहे. पण आमच्यात दोनदा बघतात."

लूकाला सगळं समजलं होतं. पण पोरगं शहाणं, प्रेमात पडलेलं. तो आत गेला, तोंड धुतलं, शर्ट बदलला, अत्तर लावलं आणि पुन्हा येऊन उभा राहिला.

केरबानं पुन्हा डोळे, पुन्हा कान, पुन्हा गाल. मग त्याचा चेहरा खुलला. "हा कसा ताजा फडफडीत आहे! हाच पाहिजे!"

अस्मितानं आनंदानं किंचाळून टाळ्या वाजवल्या. आईनं डोळे पुसले. झालं, लग्न ठरलं! बापानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं होतं. आणि त्या सगळ्या गळाभेटीत केरबाची नजर टेबलावर गेली.

तिथं दोन बाटल्या होत्या.

दिसलं की उठायचं आणि घालायचं. कुणाची वाट बघायची नाही. केरबानं दोन्ही बाटल्या लूकाच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. तेल केसांत मुरलं, व्हिनेगर डोळ्यांत उतरलं. लूका डोळे चोळत, नाचत, कसाबसा थांबला आणि पापण्या उघडून सासऱ्याकडं पाहू लागला.

केरबानं वाकून त्याचे डोळे न्याहाळले आणि लूकाच्या आईकडं वळून खेदानं मान हलवली.

"हाही शिळाच निघाला हो. अजून एक दाखवा."