निळ्या गळ्याचा सरडा

एका गावाच्या डोक्यावर कातळाचा मोठा सडा होता. वर झाड नाही, सावली नाही. नुसते दगड, वाळकं गवत आणि वारा. नव्या कोटासाठी तो दगड फोडायचं राजाच्या मनात आलं. गावकऱ्यांनी हात जोडले, "महाराज, वर निळ्या गळ्याचा सरडा राहतो. त्याचं घर मोडू नका."

राजा हसला. "चितारणीला पाठवतो. तिने डोळ्यांनी पाहून तसं चित्र काढलं, तर सडा तुमचा. नाहीतर सुरुंग लागलेच समजा."

भर उन्हाळ्यात चितारीण सडा चढली. हात मोठा चपळ तिचा! झडप घालून तिने एक सरडा पकडलाच. उलटा केला, सुलटा केला. मातकट पाठ, पांढुरकं पोट, गळ्याशी जरा सैल कातडी. निळं म्हणाल तर नखभरही नाही. तिचं तोंड उतरलं. ज्यांनी सकाळी प्रेमाने ताकभाकरी वाढली, त्यांना आता काय सांगायचं?

बरोबर आलेले पाटील हळूच म्हणाले, "बाई, निळा रंग हाय न्हवं जवळ? मग लावा की! राजा कशाला येतोय हितं बघायला?"

तिने कुंचला निळ्यात बुडवलाही. पण हात पुढे जाईना.

"नाही हो पाटील. पाहिलं नाही ते मी काढत नाही."

"मग करा आमचं वाटोळं!" पाटील तणतणत खाली गेले.

मुठीतल्या सरड्याचं काळीज धडधडत होतं. तिला त्याची दया आली. तिने त्याला दगडावर सोडलं आणि डोक्यावर पदर घेऊन लांब जाऊन बसली. बराच वेळ तो निपचित पडून राहिला. मग समोरच्या दगडावर दुसरा सरडा आला, तसा हा तरातरा उंच चढला, मान ताठ केली आणि गळा उघडला. पंखाच जणू! निळा, काळा, केशरी.

"अगं बाई!" चितारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने भराभर चित्र काढलं.

राजाला ते खरं वाटेना. तो स्वतःच सडा चढून आला.

"दाखव पकडून."

"पकडला की गळा मिटतो, महाराज. लांब बसा, आणि गप्प बसा."

गप्प बसायची राजाला सवय नव्हती. तरी बसला. उन्हात घामाघूम झाला, पण बसला. आणि समोरच्या दगडावर निळा पंखा उघडला.

सुरुंगाची दारू आली तशी परत गेली. उतरताना राजाने चितारणीला हळूच विचारलं, "उद्या पुन्हा येऊ का गं बघायला?"

तात्पर्य: मुठीत धरलेल्याचं नुसतं अंग दिसतं; खरं रूप बघायचं तर त्याला मोकळं सोडून धीर धरावा लागतो.