सुंद्राची गोधडी आणि निंबाजीची अक्कल

एका गावात निंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. माझ्या मते तो ठार मठ्ठ होता.

त्याची बायको सुंद्रा मात्र हुशार. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून ती गोधडीवर चित्रं उभी करायची. या खेपेला तिनं पोळ्याची मिरवणूक मांडली होती. बैल, झुली, वाजंत्री, सगळं. कितीतरी वर्षं ती त्या एकाच गोधडीवर बसली होती. शहरातल्या एक बाई ती बघायला येणार होत्या. पसंत पडली तर गोधडी प्रदर्शनात लागणार आणि खाली सुंद्राचं नाव लिहिलं जाणार. तिचं नाव आजवर रेशनकार्डाशिवाय कुठं लागलं नव्हतं.

फक्त वरचं संध्याकाळचं आभाळ राहिलं होतं. त्याला जुनी चंद्रकळा, म्हणजे काळं लुगडं हवं होतं. नेमका सुंद्राचा पाय मुरगळला. म्हणून तिनं नवऱ्याला जुन्या कपड्यांच्या बाजारात धाडलं. इथंच चुकली बिचारी.

"काळं कापड आना. हाताला मऊ लागलं पायजे," ती म्हणाली.

निंबाजीनं अख्ख्या बाजारावरून हात फिरवला आणि मखमलीचं कापड आणलं. दुकानातलं, नवंकोरं.

"अवो, हे कोरं हाय! कुनीतरी नेसलेलं पायजे."

"मंग आधी सांगायचं की."

पुढच्या बाजारी त्यानं रचून ठेवलेल्या लुगड्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती कुठं कुणी नेसली होती? कांदे विकणारी एक म्हातारी मात्र चंद्रकळा नेसून बसली होती. निंबाजीनं सरळ तिचा पदर धरला.

"आजी, सोडा. आमच्या आभाळाला पायजे."

म्हातारीनं तराजूच हाणला. बाकीच्यांनी जे हातात होतं ते हाणलं. डोक्याला टेंगूळ घेऊन तो घरी आला. टेंगूळ बाहेरून आलं होतं, आत काही शिरलं नव्हतं.

सुंद्रानं कपाळावर हात मारला. "इकायला घडी घालून ठेवलेलं घ्यायचं! आन् उजेडाला धरून बघायचं. आरपार दिसलं तर ते इरलेलं, ते नको."

तिसऱ्या खेपेला तो घामाघूम होऊन आला. खांद्यावर ट्रकवरची जुनी ताडपत्री. काळी होती, वापरलेली होती, घडी घालून विकायला ठेवली होती.

"सूर्याम्होरं धरली," तो छाती फुगवून म्हणाला. "सूर्यच दिसंना!"

शेवटी सुंद्रा लंगडत स्वतः गेली आणि चंद्रकळा घेऊन आली. नवऱ्याला निदान घरातलं काम तरी यावं म्हणून तिनं त्याला समोर बसवलं.

"आता नीट ऐका. जुनं कापड हाती आलं की आधी टाके उसवायचे. काठ येगळे काढायचे. रिठ्याच्या पान्यात भिजवायचं, दोरीवर वाळवायचं."

निंबाजीनं चंद्रकळेचं तसंच केलं. अगदी बरोबर केलं. सुंद्राला भरून आलं. "शिकलात की! असंच करत जा," ती म्हणाली. मूर्खाची कधी पाठ थोपटू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आभाळ लागलं. गोधडी पुरी झाली. शेजारणी बघून गेल्या, आणि एरवी नावं ठेवणाऱ्यासुद्धा पुन्हा बघायला आल्या. मग त्या बाईंना घेऊन यायला सुंद्रा तालुक्याला गेली. जाताना म्हणाली, "बाई येतील तवर सगळं तयार ठेवा."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. निंबाजी दारातच उभा होता, हात रिठ्याच्या फेसानं पांढरे. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, आणि दोरीवर चिंध्या. एकीकडं बैलांची शिंगं, दुसरीकडं शेपट्या, मधे वाजंत्र्यांचे पाय. आभाळ चुलीजवळ निथळत होतं.

सुंद्रा होती तिथंच खाली बसली.

"आणि ती गोधडी कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"हीच की!" निंबाजी हसून म्हणाला. "हिला जोडायला किती वर्सं लागली, इचारा. म्या एका बैठकीत मोकळी केली."