थोरलं पाणी

एका गावात पाणी फेकणं हे पाप होतं.

गावाला पाण्याची टंचाई होती असंही नाही. तीन बाजूंना समुद्र होता आणि चौथ्या बाजूला खाडी. पाप लागायचं ते एकच पाणी फेकल्याचं, होडीतल्या पिंपातलं. गावाच्या मूळपुरुषाने म्हणे पहिल्या होडीत एक लाकडी पिंप ठेवलं, त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि आमिषाचे मासे सोडले. त्या दिवशी त्याला होडी बुडेल इतकी मासळी मिळाली. तेव्हापासून ते पाणी ‘थोरलं पाणी’ झालं. नवी होडी बांधली की जुन्या पिंपातलं तांब्याभर पाणी नव्या पिंपात ओतायचं. आटलं तर वरून भर घालायची, पण टाकून द्यायचं नाही. पिंपावर झाकण नीट आहे की नाही, हे बघायचं काम होडीवरच्या म्हाताऱ्यांचं. तेवढंच काम असल्यामुळे ते फार मन लावून करत.

गावासमोरच्या समुद्रात एक मोठं खडप होतं, म्हणजे अर्धा पाण्यात बुडालेला खडकांचा पट्टा. घोळ, तांब असे मोठे मासे त्याच्याच कपारींत राहत. तिथे जाळं टाकलं की फाटायचं, म्हणून गळाशिवाय इलाज नव्हता. आणि हे मासे भारी चोखंदळ. गळाला आमिष म्हणून लावलेलं बोईट, म्हणजे खाडीतला लहान मासा, वळवळत असेल तरच तोंड उघडत. मेलेल्या आमिषाकडे ढुंकून बघत नसत.

ही लहान बोईटं गावातल्या बाया खाडीत पकडत आणि बांबूच्या टोपल्यांत घालून टोपल्या खाडीतच बुडवून ठेवत. पहाटे होड्या निघाल्या की बोईटं टोपलीतून थोरल्या पाण्यात जात. होडी खडपाशी पोचेपर्यंत ती पोटं वर करून तरंगत असत.

मग गावचा थोरला तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, पिंपाचं झाकण उचलून आत बघे आणि मान हलवे. “आजकालच्या बोईटांत दम नाही,” तो म्हणे. “आमच्या वेळची बोईटं समुद्र फिरून घरी परत यायची.” इतर म्हातारे हसत. हसून झालं की तांडेल होडीतल्या एखाद्या पोराला खडपावर उतरायला सांगे.

उतरणं म्हणजे काय, ते ऐका. हातात पाग घ्यायचा, म्हणजे फेकायचं लहान जाळं. होडी लाटेवर वर चढली की खडकावर उडी मारायची. पायाखाली शेवाळ, शेवाळाखाली खडकाला चिकटलेली, सुरीसारख्या धारेच्या शिंपल्यांची कालवं. दोन लाटांच्या मधल्या वेळात खडकातल्या डबक्यात पाग टाकायचा, मिळतील ते जिवंत मासे आमिषाला घ्यायचे आणि तिसरी लाट यायच्या आत होडीत परतायचं. पोरगा उडी मारत असताना पाय कसा टाकावा हे म्हातारे त्याला होडीत बसून सांगत.

गेल्या हंगामात बुधा नावाचा पोरगा उतरला आणि परतला नाही.

बुधाला आई-बाप नव्हते. मागे एक बहीण होती हौसा, आणि तिच्याहून लहान भाऊ दामा. तांडेल स्वतः त्यांच्या दारात आला, कारण तो रीतीला चुकणारा माणूस नव्हता. दाराशी टेकून त्याने हौसाचं सांत्वन केलं. म्हणाला, “काय करणार, बाई. आजकालच्या पोरांत दम नाही. पाय रोवून उभंच राहता येत नाही त्यांना.”

हौसाने वर बघितलं. हेच वाक्य तिने आधी ऐकलं होतं. तेव्हा ते माशांबद्दल होतं.

या हंगामात दामाला मिसरूड फुटलं आणि गावात बोलणी सुरू झाली की आता हा उतरायला हरकत नाही. हौसा खाडीवर बोईटं पकडणारी. तिच्या टोपलीत एकही बोईट कधी मेलं नव्हतं. तिने टोपली नीट बघितली. बांबूच्या फटींतून खाडीचं पाणी आत येत होतं आणि बाहेर जात होतं. बोईटं प्रवाहाकडे तोंड करून निवांत शेपट्या हलवत होती. मग ती बंदरावर ओढलेल्या एका होडीत चढली आणि तिने पिंपाचं झाकण उघडलं. वास आला तशी ती खाली उतरली आणि थेट म्हाताऱ्यांच्या बैठकीत गेली.

म्हातारे सावलीत बसून नव्या पिढीची मापं काढत होते. हौसा म्हणाली, “बोईटं माझ्या टोपलीत हवे तितके दिवस जगतात. तुमच्या पिंपात गेली की सकाळसुद्धा काढत नाहीत. मग दोष कोणाचा?”

“टोपलीत लाड होतात त्यांचे,” तांडेल म्हणाला. “लाडावलेला जीव समुद्रावर टिकत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला की हिच्या आईचीही जीभ अशीच होती. हौसाने तेही गिळलं, कारण प्रश्न दामाच्या जिवाचा होता. तिने हात जोडून एवढंच मागितलं की वाटेत निदान एकदा पिंपातलं पाणी बदला.

तांडेलाने कानांवर हात ठेवले. “मूळपुरुषाचं पाणी समुद्रात फेकू?”

“ते समुद्रातूनच आलंय ना, आजा?”

यावर बैठकीने तिला उद्धट ठरवून बाहेर काढलं. आणि दामाचा नंबर पुढच्या फेरीला लागला.

हौसाच्या बापाची एक लहान होडी वाळूत पालथी पडून होती. हौसाने ती सुलटी केली. बापाचं गिरमिट काढलं, फळ्या आणल्या, कापूस आणि राळ आणली. होडीच्या मधोमध दोन आडव्या भिंती घालून तिने एक कप्पा केला. भिंती होडीच्या काठाइतक्या उंच घेतल्या आणि सांध्यांत कापूस ठोकून वरून राळ भरली. मग गिरमिट घेऊन तिने त्या कप्प्याच्या तळाशी, होडीच्या दोन्ही अंगांना भोकं पाडली. आरपार.

गावात बोंब झाली. हौसाने होडीला भोकं पाडली.

तिने होडी पाण्यात लोटली. भोकांतून पाणी आत उसळलं आणि कप्प्यात चढू लागलं. बाहेरच्या समुद्राइतकं चढलं आणि थांबलं. होडी थोडी खाली बसली, पण बुडाली नाही. एका सांध्यातून पाणी झिरपत होतं, तिथे तिने पुन्हा कापूस ठोकला. मग बोईटं सोडली. ती जगली, पण पहिल्या दिवशी कोपऱ्यांत घुसून घुसून त्यांची तोंडं सोलवटली. हौसाने बांबूच्या कामट्या वाकवून कप्प्याचे कोपरे गोल केले आणि बोईटंही निम्मीच ठेवली, कारण गर्दीत कोणाचाच जीव रमत नाही. आता मासे कप्प्यात गोल गोल फिरू लागले. होडी चालली की ताजं पाणी आत, शिळं बाहेर. कोणाला काही फेकावं लागत नव्हतं.

म्हातारे बघायला आले. कोणी खाली वाकून भोकं बघितली नाहीत. काठावर उभं राहूनच ते म्हणाले की ही पोरगी एक दिवस घरालाही भगदाड पाडेल. शेवटी तांडेलाने निवाडा केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही होड्या खडपावर जातील. दामा रीतीप्रमाणे तांडेलाच्या होडीत बसेल. हौसाची होडी बुडाली तर तिला कोणी वाचवायचं नाही, आणि तिची बोईटं मेली तर दामा उतरेल.

“आणि जगली तर?” हौसाने विचारलं.

हा विचार त्यांनी केलाच नव्हता. “जगली तर दामा उतरणार नाही,” तांडेल म्हणाला. शब्द द्यायला त्याला काही वाटलं नाही, कारण तो पाळावा लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सकाळी होड्या निघाल्या. हौसाबरोबर वल्ही मारायला खाडीवरच्या दोघी मैत्रिणी होत्या. तांडेलाच्या होडीत चार म्हातारे, दामा आणि वल्ही मारणारी पोरं होती. म्हातारे सारखे मागे वळून बघत होते, हौसाची होडी बुडाली का. असं बघता बघता खडप आलं.

समुद्र खवळलेला होता. खडपावर लाट फुटली की पांढरं पाणी उंच उडत होतं. तांडेलाने पिंपाचं झाकण उचललं. सगळी बोईटं मेलेली.

हौसाच्या कप्प्यात एकही मेलं नव्हतं. तिच्या एका मैत्रिणीने गळाला एक वळवळतं बोईट लावून सोडलं आणि दोरीला असा हिसका बसला की तिघींना मिळून ती ओढावी लागली. आली ती माणसाच्या मांडीएवढी घोळ.

हौसाने एक टोपली भरून जिवंत बोईटं काढली, होडी जवळ घेतली आणि टोपली पुढे केली. तिला भांडायचं होतं, पण समोर दामा होता. म्हणून ती नीट बोलली. ही घ्या, टोपली होडीबाहेर पाण्यात बांधून ठेवा, एवढंच ती म्हणाली.

दामाने टोपलीची दोरी घेतली. तांडेलाने ती त्याच्या हातातून काढली. “आमिष पिंपात राहतं,” तो म्हणाला, आणि टोपली त्याने थोरल्या पाण्यात रिकामी केली.

बोईटं दोन-चारदा उसळली. मग हळूहळू कलंडली. सगळे बघत होते. झाकण लावता लावता तांडेल म्हणाला, “हिच्याही बोईटांत दम नाही.” मग तो दामाकडे वळला. “तिची बोईटं माझ्या होडीत मेली. उतर.”

दामाने पाग उचलला. त्याने खडपाकडे बघितलं, हौसाकडे बघितलं, आणि पाग तांडेलाच्या मांडीवर ठेवला.

“तुम्ही उतरा, आजा.”

होडीतले बाकीचे म्हातारे एकदम बोलू लागले. संस्कार, लाज, मूळपुरुष, सगळं निघालं. पण पोरांनी वल्ही आत घेतली होती आणि ती तांडेलाकडे बघत होती. आता तांडेलाला उठावंच लागलं. तो पाग घेऊन होडीच्या काठापाशी गेला. होडी लाटेवर चढली, खडप अगदी जवळ आलं. शेवाळ दिसलं. कालवं दिसली. लाट फुटली आणि पाणी त्याच्या तोंडावर आलं. इतकी वर्षं तो खडप होडीच्या मधोमध बसून बघत आला होता. काठावरून ते वेगळं दिसतं.

तांडेल खाली बसला.

“बुधा उतरला होता,” हौसा म्हणाली.

ती ओरडली नाही. तरी ते दोन्ही होड्यांत ऐकू गेलं.

दामा हौसाच्या होडीत आला. उरलेल्या पोरांनी हौसाकडे आणखी एक टोपली मागितली, ती होडीबाहेर पाण्यात बांधली आणि गळ टाकायला सुरुवात केली. तांडेलाने त्यांना थांबायला सांगितलं. पोरांनी त्याला गळाच्या दोरीवरचा पाय तेवढा काढायला सांगितलं.

पुढच्या हंगामापर्यंत गावातल्या प्रत्येक होडीत असा कप्पा झाला. त्यानंतर खडपावर कोणी उतरलं नाही. तांडेलाला मात्र मरेपर्यंत मान मिळाला. बैठकीत तो सांगे की पोरीची परीक्षा घ्यावी म्हणूनच आपण तिला विरोध केला होता, आणि म्हातारे माना डोलावत. कप्प्याच्या भोकांना आता दर हंगामाला हळद-कुंकू लावतात. हौसाला त्या पूजेला बोलावतात, ती जात नाही.

मासे जगले, दामा जगला, गाव पोटभर जेवलं. पण हे सगळं बुधा जिवंत असतानाही करता आलं असतं. टोपल्या तेव्हाही खाडीत होत्या आणि गिरमिट तेव्हाही घरात होतं. बुधा लाटेने गेला असं गावात सांगतात. तो पिंपातल्या पाण्याने गेला हे कोणी बोलत नाही, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते.

तात्पर्य: तुमच्या हाताखाली पोरं मरत असतील तर त्यांचा दम मोजू नका, आधी पाणी बदला. आणि पाणी बदलायचं नसेल, तर खडपावर स्वतः उतरा.