उभ्याघाटाच्या तीन शिळा

एका राज्यात अर्धी प्रजा दर्याकाठी राहायची नि अर्धी डोंगरावर. मध्ये उभाघाट. घाट कसला, भिंतच ती! गलबतं बंदराला लागत, तिथून होड्या भरतीबरोबर खाडीनं आत शिरत, खाडीच्या धक्क्यावरून माल माणसांच्या डोक्यावर नि बैलांच्या पाठीवर चढे, आणि खिंड ओलांडली की पुढं गाड्या जुंपलेल्या. मीठ नि सुकी मासळी वर जाई, जोंधळा नि गूळ खाली येई. दोन्हीकडची चूल त्या एका वाटेवर पेटे.

त्या वाटेवर तीन टेकण्या होत्या. एक धक्क्यावर, एक घाटाच्या मध्यावर, एक खिंडीत. टेकणी म्हणजे दोन उभे दगड नि त्यांच्यावर आडवी शिळा. एकट्यादुकट्यानं ओझं तिच्यावर सरकवावं, घाम पुसावा, पुन्हा डोक्यावर घ्यावं. अधेमधे दम लागलाच तर समोरून येणाऱ्याला म्हणावं, "हात लाव." मग तो सोयरा असो की वैरी, त्यानं हात लावायचाच. घाटाचा रिवाज होता तो.

एकदा काय झालं, राजा वज्रकेतूला नवा दरबार बांधायची हुक्की आली. चांगल्या शिळा कुठं मिळतील? म्हणे घाटात नुसत्याच पडल्या आहेत! पालखीत बसणाऱ्याला टेकणीचं काय ठाऊक? खिंडीतली शिळा त्यानं सिंहासनाच्या पायरीला नेली. राजा नेतोय म्हणताच सुमंत प्रधानानं मधली उचलली, हत्तीवर चढायला. धक्क्यावरची तेवढी उरली होती, ती पोशा नाखव्यानं गलबताचा नांगर म्हणून बांधली. राजा तशी प्रजा, दुसरं काय?

खिंडीतली शिळा काढली तेव्हा राजा जातीनं तिथं उभा होता. तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत वर आली, डोक्यावर लाकडांची मोळी. टेकणी पाहते तर नुसते दोन दगड. राजाला म्हणाली, "बाबा, हात लाव." राजानं तोंड फिरवलं.

म्हातारी होती डोंगरातली चेटकीण. ती म्हणाली, "टेकायला जागा नाही, हात लावायला माणूस नाही. मग या घाटात ज्याच्या डोक्यावर-पाठीवर जे आहे, ते तिथंच राहो!" आणि मोळीसकट शेजारच्या हिरड्याच्या झाडात शिरली. झाड मिटलं.

झालं! बैलांच्या गोण्या पाठीला चिकटल्या, माणसांची ओझी डोक्याला. ऐकणाऱ्यांनी घाटाकडे पाठ फिरवली. वर मीठ मिळेना, खाली दाणा मिळेना. बंदरात गलबतं नुसती डुलत राहिली.

त्या वेळी मिठागरातला धाकू मिठाचं पोतं घेऊन नेमका खिंडीत पोचला होता. कोणी हात लावला तरी पोतं उतरेना. दर दिवशी त्यात मूठभर मीठ वाढे. आडवं होता येईना, खाली उतरायला गुडघे टिकेनात. हिरड्याच्या बुंध्याला पाठ लावून बिचारा उभ्यानं डुलक्या घेई. त्याची बायको येसा रोज आंबील घेऊन वर जाई. डोक्यावर नाही हो, कडेवर. बाई शहाणी होती.

एक दिवस धाकू म्हणाला, "येसा, आता नको येत जाऊ. मान मोडणार माझी. तुझ्यासमोर नको."

"गप बसा," येसा म्हणाली आणि झाडाआड जाऊन रडली.

झाडावर धनेश पक्षी बसला होता. चोचीवर हे एवढं थोरलं शिंग. तो बोलला, "बाई, मी जन्माचं ओझं डोक्यावर घेऊन उडतो, म्हणून सांगतो. अमावास्येपर्यंत याची मान टिकेल. तोवर तिन्ही शिळा जागेवर बसल्या पाहिजेत. ज्यानं नेली, त्यानंच आपल्या डोक्यावरून आणायची."

"आणि उतरवायची कशी?"

"ते घाटातल्या माणसाला पक्ष्यानं सांगायचं का?" म्हणून धनेश उडाला.

येसा आधी बंदरात गेली. पोशा नाखवा मनाचा साफ. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "वयनी, चुकलंच माझं! बसल्या गलबताला नांगर हवाय कशाला?" शिळा सोडली, डोक्यावर घेतली, धक्क्यावर आला नि मोठ्यानं म्हणाला, "हात लाव गं वयनी!" येसानं हात लावला. शिळा अलगद बसली.

मग प्रधान. त्याचा हत्ती शापाच्या दिवशी घाटातच होता, त्याच्या पाठीवरून अंबारी उतरेना. तो असा चिडला होता की प्रधान दिसला की सोंड उगारी. तेव्हा प्रधानाला शिळेचा मोह उरला नव्हता. पण डोक्यावर घ्यायची? शिव शिव! त्यानं चार गडी लावून शिळा घाटात पोचवली. सकाळी पाहतो तर शिळा परत हत्तीखान्यात. शेवटी निघाला डोक्यावर शिळा सांभाळत, धोतर खोचून. मधल्या टेकणीपाशी आल्यावर मागंपुढं कोणी दरबारी नाही ना हे पाहिलं, आणि येसाला हळूच म्हणाला, "हात लावतेस का?" दुसरीही बसली.

तिसरी शिळा सिंहासनाखाली. दरबारात येसा उभी राहिली.

"महाराज, शिळा द्या. माझा घरधनी मरतोय."

"हमाल दुसरा मिळेल," राजा म्हणाला.

येसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं राजाकडे नीट पाहिलं आणि पाहतच राहिली. डोळे तांबारलेले. मान ताठ, एका बाजूला जराशी कललेली. तशीच मान ती रोज खिंडीत पाहत होती.

"महाराज, मुकुट उतरत नाही ना?"

शाप दिला तेव्हा खिंडीत राजाच्याही डोक्यावर ओझं होतंच की! लोक म्हणत, राजा माजलाय, मुकुट काढत नाही. खरं काय ते एकट्या उशीला ठाऊक होतं, आणि तिचाही उपयोग नव्हता.

राजा म्हणाला, "रोज जड होतोय. झोप म्हणजे काय, ते विसरलो मी."

"मग चला," येसा म्हणाली.

राजानं मुकुटावर शिळा घेतली आणि अनवाणी घाट चढला. दोनदा पडता पडता सावरला. मागं सगळं राज्य. खिंडीत पोचल्यावर त्यानं हुकूम सोडला, "उतरवा!" शिपाई धावले, ओढलं, रेटलं. शिळा हलेना. "उतरवा म्हणतो ना!" शिळा आणखी जड झाली. राजाचे गुडघे वाकले.

समोर धाकू उभा होता, डोळे पांढरे झालेले, मान थरथरत होती. राजानं त्याच्याकडे पाहिलं. मग येसाकडे.

"बाई," तो म्हणाला. "बाई, हात लाव."

खरं सांगू? येसाच्या मनात आलं, राहू दे मेल्याला असाच. दुसरा राजा मिळेल! पण घाटात मागितलेला हात कोणी नाकारला नव्हता. एकानं नाकारला, त्याचं काय झालं ते समोरच होतं. तिनं पदर खोचला, हात लावला. शिळा दोन दगडांवर बसली, आणि राजाचा मुकुट तिच्याबरोबर सुटून गवतात पडला.

मुकुटाकडे कोणी पाहिलं नाही. राजा वळला. आपणहून धाकूच्या पोत्याला एका बाजूनं हात लावला, दुसऱ्या बाजूनं येसानं. पोतं टेकणीवर आलं. खाली घाटात गोण्या धपाधप पडल्याचे आवाज आले, बैल हंबरले. हिरड्याचं झाड उघडलं, म्हातारी बाहेर आली आणि मोळी पोत्याशेजारी टेकवून म्हणाली, "हुश्श!"

धाकू तिथंच आडवा झाला, येसाच्या मांडीवर डोकं ठेवून. राजाही तिथंच कलंडला. त्या दुपारी मीठ वर निघालं, जोंधळा खाली निघाला. पण खिंडीतून जाणारा येणारा प्रत्येक जण चवड्यांवर चालत होता, कारण एका झाडाखाली राजा नि हमाल शेजारी शेजारी घोरत होते.

तेव्हापासून त्या राज्यात वाट वाहती आहे. तुमच्या डोक्यावर काही असेल तर मागा हात, लाजू नका. माझी गोष्ट मी इथं टेकवली.