पाच वॅटचा कलाकार

मिरजेत ऑर्केस्ट्रा म्हटलं की निवृत्तीमामा चौगुले. गायचे स्वतः, निवेदन स्वतः आणि गिटारला कुणाला घ्यायचं, तेही स्वतःच ठरवायचे. गिटारची जागा रिकामी झाली आणि तेजल कुरणेनं मागितली.

"ये की! पण अँप्लिफायर शंभर वॅटचा आण. कपाटाएवढा!"

तेजल दुकानात गेली. कपाट परवडणारं नव्हतं. शिवाय काचेच्या ट्यूबचा अँप्लिफायर आवाज चढवल्याशिवाय गोड वाजत नाही, आणि घरात शंभर वॅट चढवले असते तर शेजाऱ्यांनी गाव सोडलं असतं. तिनं पाच वॅटचा इवलासा ट्यूबवाला उचलला आणि थेट तालमीला नेला.

मामा पोट धरून हसले. "हे काय, टोस्टर? मैदानात मागच्या रांगेला काय कप्पाळ ऐकू येणार? जागा दुसऱ्याला देतो बघ."

तेजलनं शांतपणे विचारलं, "मामा, तुमचा गळा किती वॅटचा?"

"गळ्याला कुठं वॅट असतंय?"

"मग मागच्या रांगेला तुम्ही कसे ऐकू येता?"

"समोर माइक असतोय की!"

"मग ह्याच्यासमोरही एक लावा. घरात हा नुसता गातो, मैदानात माइकवर. अगदी तुमच्यासारखा."

मामांनी टोस्टरसमोर स्वतःच्या हातानं माइक लावला.

कार्यक्रमात कलाकारांच्या सत्काराच्या वेळी त्यांनी टोस्टरवरही शाल पांघरली. तेजलनं ती झटकन ओढून काढली, कारण ट्यूब तापल्या होत्या.

"मामा, ह्याला सत्कार सोसत नाही," ती म्हणाली. "तेवढाच तुमच्यात नि ह्याच्यात फरक."