खोकल्याच्या अलीकडे

"पण ठेका थांबला की माणसं निघून जातात चाचा, त्याचं काय करू?"

दाऊदचाचा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी बस तरी."

प्रणीत बसला. मिरजेतल्या ह्याच दुकानात लहानपणी दोन वर्षं तो तंबोरा जुळवायला शिकला होता. मग पुण्याला गेला, डीजे झाला. चार ठिकाणी नाव झालं आणि पोरगं जरा हवेत गेलं. आज मात्र भर दुपारी, लॅपटॉप छातीशी धरून, तोंड पाडून आलं होतं.

"रविवारी सेट आहे. मागच्या वेळी हा ट्रॅक मधे घातला आणि लोक उठून चालायला लागले. परत तसं झालं तर पुन्हा बोलावणार नाही, असं क्लबवाल्यांनी तोंडावर सांगितलंय मला."

"मग नको वाजवू."

"वाजवायचाय!" तो ओरडलाच. मग ओशाळला.

"आहे तरी काय त्यात?"

"इचलकरंजीची आमची यंत्रमागाची शेड. लूम विकायच्या आदल्या दिवशी, सगळे बंद केल्यावर रेकॉर्ड केलं. खटखट नाही, सूर नाही. पत्र्याचा न् वाऱ्याचा नुसता घुमारा... तो ताणून ताणून काळाकुट्ट केलाय."

"लाव."

त्यानं लावला. दुकानात जड, खोल आवाज भरत गेला. भिंतीवरचे भोपळेसुद्धा बारीक थरथरायला लागले.

चाचांनी कान टवकारले. "खाली काय टकटकतंय रे?"

प्रणीतच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं. "ह्या वेळी आधीच्या गाण्याचा ठेका तसाच दबक्या आवाजात चालू ठेवलाय. लोकांना कळणारसुद्धा नाही, पण पाय निघणार नाहीत. असं मिक्स करणं येरागबाळ्याचं काम नाही, चाचा."

"काढ तो."

"अहो, पण..."

"काढ म्हणतो ना."

त्यानं काढला. चाचा उठले. डोक्यावरचा पंखा टिकटिक करत फिरत होता, तोही त्यांनी बंद केला. मग येऊन बसले आणि डोळे मिटले.

...

प्रणीतला घाम फुटला. त्यानं चाचांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. उठून जायला दुकानात तिसरं होतंच कोण? तरी दीड मिनिट कसंबसं गेलं आणि त्याचं बोट आपसूक बटणावर पडलं.

ठेका सुरू झाला.

चाचांनी डोळे उघडले. "कोण उठलं?"

"...कोणी नाही."

"मागच्या वेळी किती वाजवलास?"

"एवढाच."

"आणि पुढं काय आहे?"

प्रणीतनं ट्रॅक थांबवला. लॅपटॉपच्या कडेवर नख घासू लागला.

"लहानपणी लाइट जायची आणि सगळे लूम एकदम थांबायचे. ती शांतता अंगावर यायची हो. आई आम्हाला हाताला धरून बाहेर काढायची. बाबा तेवढे आतच बसायचे, लाइट येईपर्यंत. ह्या रेकॉर्डिंगच्या दिवशीही बसले होते. दोन मिनिटांनंतर त्यांचा खोकला येतो... आषाढात गेले ते."

चाचांनी कानस खाली ठेवली.

"तो खोकला कुणाला ऐकवलास?"

"कुणालाच नाही. तिथवर कधी पोचलोच नाही."

चाचांनी लॅपटॉप हळूच त्याच्याकडे सरकवला. प्रणीतनं ट्रॅक पहिल्यापासून लावला, ठेक्याशिवाय. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मिनिट झालं.

"चाचा... रविवारी खरंच सगळे निघून गेले तर?"

"बाप आत बसलाय रे," चाचा म्हणाले. "तू कशाला बाहेर पळतोस?"